शिलाई मशीनवर शिवलेली रक्तवाहिनी

आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत शिलाई मशीन आहे. कुणी ब्लाऊज शिवते, कुणी शाळेचे गणवेश, कुणी कारखान्यातून कापलेले तुकडे आणून रात्री जागून ते जोडते. या मशीनवर संसार चालले, मुलांची शिक्षणे झाली. अशाच एका घरगुती मशीनवर एका सर्जनने माणसाच्या शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी शिवली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्या सर्जनचे नाव डॉ. मायकेल डिबेकी. ते अमेरिकेचे. जखमी माणसाचे रक्त कसे वाचवायचे आणि फुगलेली महाधमनी फुटण्याआधी कशी बदलायची, या दोन प्रश्नांमागे ते सत्तर वर्षे लागले होते. त्यांची गोष्ट या अंकात सांगायचे कारण साधे आहे. अपघात आपल्या दारात होतात. विडी आणि रक्तदाब आपल्या घरात आहेत. या माणसाने जे शोधले त्यातले बरेचसे आपल्या उपयोगाचे आहे, आणि त्यातल्या काही गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

आईचे टाके

डिबेकी यांचा जन्म ७ सप्टेंबर १९०८ रोजी लुइझियाना राज्यातल्या लेक चार्ल्स या गावी झाला. आईवडील लेबनॉनहून आलेले. वडिलांचे औषधांचे दुकान होते. आई शिवणकामात तरबेज होती आणि गावातल्या मुलींना शिवण शिकवायची. तिच्या शेजारी बसून छोटा मायकेल टाके घालायला शिकला. दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला स्वतःचा सदरा बेतून शिवता येऊ लागला.

घरचे लोक जवळच्या अनाथाश्रमात कपडे नेऊन देत. एकदा त्या गाठोड्यात मायकेलची आवडती टोपी गेली आणि तो रुसला. आईने त्याला समजावले की, तुझ्याकडे टोप्या पुष्कळ आहेत, त्या मुलांकडे एकही नाही. म्हातारपणीही डिबेकी ही आठवण सांगत.

पुढे न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात ते वैद्यकशास्त्र शिकले आणि १९३२ साली डॉक्टर झाले. त्याच सुमारास त्यांनी एक पंप तयार केला. रबराची नळी गोल फिरणाऱ्या रुळाखाली दाबली की आतले रक्त पुढे सरकते आणि पंपाच्या कुठल्याही भागाला त्याचा स्पर्श होत नाही. तेव्हा रक्त देण्यासाठी तो उपयोगी पडला. वीस वर्षांनी उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया सुरू झाल्या, तेव्हा रुग्णाचे रक्त फिरते ठेवणाऱ्या यंत्रात याच पद्धतीचा पंप बसला.

१९३९ साली त्यांनी आपले गुरू डॉ. ऑल्टन ऑक्सनर यांच्यासोबत एक निबंध लिहिला. फुप्फुसाचा कर्करोग वाढण्यामागे सिगारेट असावी, असे त्यात म्हटले होते. त्या काळी सिगारेट ही प्रतिष्ठेची वस्तू होती, डॉक्टरसुद्धा ओढत. पुष्कळांनी हे म्हणणे हसण्यावारी नेले. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी मोठी संशोधने झाली आणि जगाला ते मान्य करावे लागले.

२,४७१ जखमांचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धात डिबेकी १९४२ साली सैन्यात दाखल झाले. त्यांची नेमणूक झाली ती सैन्याच्या वैद्यकीय मुख्यालयात, शल्यचिकित्सा सल्लागार विभागात. कुठल्या आघाडीवर किती जखमी, त्यांना उपचार किती वेळाने मिळाले, किती वाचले, किती गेले, याची माहिती तिथे येई.

त्या माहितीतून एक गोष्ट उघड दिसत होती. जखमी सैनिकाला मागच्या मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत फार वेळ जातो आणि त्या वेळातच तो मरतो किंवा त्याचा पाय कापावा लागतो. मग रुग्ण सर्जनपर्यंत येण्याची वाट पाहण्यापेक्षा सर्जननेच आघाडीजवळ का जाऊ नये? फिरत्या शस्त्रक्रिया पथकांच्या बाजूने डिबेकी यांनी आग्रह धरला. यातूनच पुढे तंबूत चालणारी फिरती लष्करी शस्त्रक्रिया इस्पितळे उभी राहिली आणि कोरियाच्या युद्धात ती नावाजली गेली.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली, डिबेकी आणि डॉ. फिओरिंडो सिमिओन यांनी एक हिशेब छापला. धमनीला जखम झालेल्या २,४७१ सैनिकांचा तो हिशेब होता. धमनी म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त पुढे नेणारी नळी. ती तुटली की त्या काळी दोरा बांधून तिचे तोंड बंद करत. त्याने रक्त थांबे, पण पुढच्या भागाला रक्तच मिळत नसे. असे बांधलेल्या जखमींपैकी जवळजवळ निम्म्यांचा हात किंवा पाय कापावा लागला. धमनी शिवून पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न फक्त ८१ जणांवर झाला. त्यांतही ३५ टक्क्यांहून अधिक जणांचा अवयव गेला.

हे आकडे शाबासकी मिळवणारे नव्हते. तरी त्यांनी ते जसेच्या तसे छापले आणि कारणही लिहिले. जखमी माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर येईपर्यंत दहा तासांहून अधिक वेळ जात होता. तोवर पायातले मांस मेलेले असे. शिवून काय उपयोग?

पुढच्या पिढीच्या लष्करी सर्जनांनी हा धडा घेतला. कोरियाच्या युद्धात, १९५० नंतर, हेलिकॉप्टरमधून जखमी लवकर येऊ लागले, इस्पितळे आघाडीजवळ होती आणि धमनी बांधण्याऐवजी शिवण्याचा सराव झाला. अवयव कापण्याचे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. जखमा तशाच होत्या. माणसे वाचली ती वेळ वाचला म्हणून आणि टाके नीट पडले म्हणून. अपयश लपवले असते तर हा बदल कशावरून करायचा, हेच कुणाला कळले नसते.

ट्यूबला आलेला फुगा

युद्धात धमनी गोळीने फुटते. घरी बसलेल्या माणसाची धमनी आपोआपही फुटू शकते.

हृदयातून निघणारी मुख्य नळी म्हणजे महाधमनी. ती छातीतून वर जाते, वळते आणि पाठीच्या कण्यापुढून खाली पोटात उतरते. बेंबीच्या आसपास तिचे दोन पायांसाठी दोन फाटे होतात. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही तिच्यातून मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त जाते.

सायकलची ट्यूब जुनी झाली की एखाद्या जागी पातळ होते आणि तिथे फुगा येतो. तसेच महाधमनीचे होते. पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. ती तीन सेंटिमीटर किंवा अधिक झाली की तिला फुगा आला असे डॉक्टर म्हणतात. हा फुगा बहुतेक वेळा दुखत नाही. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. फुगा मात्र हळूहळू वाढत असतो. एक दिवस तो फुटतो आणि बहुतेक माणसे इस्पितळ गाठायच्या आतच जातात.

शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाईन असेच गेले. १९४८ साली त्यांच्या पोटात हा फुगा सापडला. तेव्हा तो बदलण्याची सोय नव्हती. सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी फुग्याभोवती सेलोफेन, म्हणजे वस्तू गुंडाळायला वापरतात तसला पातळ पारदर्शक कागद, लपेटला, जेणेकरून तिथे जाड व्रण धरेल आणि भिंतीला आधार मिळेल. आइन्स्टाईन सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला. त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया नको म्हटले आणि १८ एप्रिलला त्यांचा मृत्यू झाला.

याच काही वर्षांत सगळे बदलत होते. १९५१ साली पॅरिसमध्ये डॉ. शार्ल दुबोस्त यांनी पोटातला फुगा कापून काढला आणि मृत व्यक्तीच्या शरीरातून घेतलेला धमनीचा तुकडा त्या जागी जोडला. डिबेकी तेव्हा टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात, बेलर वैद्यकीय महाविद्यालयात होते. त्यांनी आणि त्यांचे तरुण सहकारी डॉ. डेंटन कूली यांनी १९५२ मध्ये पोटातले आणि १९५३ मध्ये छातीतलेही फुगे काढायला सुरुवात केली. पण मृतांच्या धमन्या किती मिळणार? मिळाल्या तरी हव्या त्या मापाच्या थोड्याच मिळणार, आणि पुढे त्या खराबही होत.

एक वार टेरिलीन

कापडाची नळी चालेल का, हा प्रश्न तेव्हा सर्जनांच्या डोक्यात होता. न्यूयॉर्कचे डॉ. आर्थर वूरहीस यांनी १९५२ साली कापडाच्या नळ्या कुत्र्यांच्या शरीरात टिकतात असे दाखवले होते. डिबेकी ह्यूस्टनमधल्या एका मोठ्या कापड दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपले होते. दुकानातल्या बाईंनी सांगितले की डेक्रॉन नावाचे नवे कापड आले आहे, ते बघा. त्यांनी हातात धरून पाहिले आणि ते घेतले. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. आपल्याकडे याच धाग्याला टेरिलीन म्हणत. आपल्या आजोबांच्या टेरिकॉटच्या पँटमध्येही तोच धागा होता.

घरी येऊन त्यांनी कापडाचे दोन तुकडे कापले आणि पत्नीच्या मशीनवर कडा शिवून नळी केली. लहानपणी आईजवळ शिकलेले शिवण असे कामाला आले. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १९५४ पासून माणसांच्या शरीरात ही नळी बसू लागली. नशीब असे की दुकानात नायलॉन संपले होते. नायलॉन शरीरात काही काळाने कमकुवत होते, हे नंतर दिसून आले. डेक्रॉन टिकले. पुढे फिलाडेल्फियातील वस्त्रविद्येच्या एका प्राध्यापकांच्या मदतीने शिवणीशिवाय विणलेल्या नळ्या यंत्रावर होऊ लागल्या. आजही जगभर महाधमनी बदलताना पॉलिएस्टरच्या नळ्या वापरतात. १९९० साली अर्जेंटिनात डॉ. हुआन परोदी यांनी ही कापडी नळी घडी करून जांघेतल्या धमनीतून आत सरकवली. त्यामुळे आता पुष्कळ रुग्णांचे पोट उघडावे लागत नाही.

डिबेकी यांनी साठ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. पण शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरही त्यांची एक बाजू होती. साठच्या दशकात अमेरिकेत वृद्धांच्या उपचारांचा खर्च सरकारने उचलावा, अशी मेडिकेअर योजना येत होती. डॉक्टरांच्या बड्या संघटनेचा तिला विरोध होता. डिबेकी उघडपणे योजनेच्या बाजूने उभे राहिले. १९६५ साली तो कायदा झाला.

सर्जनच रुग्ण झाला तेव्हा

३१ डिसेंबर २००५. डिबेकी ९७ वर्षांचे होते. घरी एकटे बसून भाषणाची तयारी करत असताना छातीत आणि मानेत फाटल्यासारखी कळ आली. हृदय बंद पडणार असे त्यांना आधी वाटले. मग त्यांच्या लक्षात आले की ही महाधमनी फाटल्याची कळ आहे.

या आजारात नळी आरपार फुटत नाही. गोधडीचे थर असतात तसे धमनीच्या भिंतीचे थर असतात. आतला थर फाटतो आणि रक्त थरांच्या मध्ये शिरते. या आजारावरची शस्त्रक्रिया डिबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९५५ साली प्रथम छापून मांडली होती. त्याचे प्रकारही त्यांच्या नावाने ओळखले जातात. आता तोच आजार त्यांना झाला होता.

काही आठवडे त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. या वयात आपण शरीराने किंवा बुद्धीने लुळे होऊ, याची त्यांना भीती होती. प्रकृती ढासळत गेली आणि ते बोलेनासे झाले. त्यांची आधीची इच्छा मानायची की शस्त्रक्रिया करायची, यावर इस्पितळाच्या समितीत रात्री उशिरापर्यंत वाद झाला. शेवटी पत्नीच्या आग्रहावरून ९ फेब्रुवारी २००६ रोजी त्यांचे जुने सहकारी डॉ. जॉर्ज नून यांनी शस्त्रक्रिया केली आणि फाटलेल्या जागी डेक्रॉनची नळी बसवली. अनेक महिने इस्पितळात काढून डिबेकी घरी गेले आणि पुन्हा कामाला लागले. शस्त्रक्रिया केली ते बरे झाले, असे त्यांनी नंतर सांगितले. ११ जुलै २००८ रोजी, शंभरीला दोन महिने कमी असताना, ते वारले.

त्यांच्या त्या उपचारांवर दहा लाख डॉलरहून अधिक खर्च झाल्याचा अंदाज डॉक्टरांनी सांगितला होता. आपल्यासारख्या घरांना हा आकडा नुसता वाचायचा आहे. पण आयुष्यभराच्या संशोधनातून त्यांनी जे दाखवले, की रक्त लवकर थांबवा, माणूस लवकर पोहोचवा, फुगा फुटण्याआधी ओळखा, त्यासाठी दहा लाख डॉलर लागत नाहीत. ते आपल्याला माहीत असावे लागते.

अपघात झाला तर

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबा. सारखे उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हळद, चहापूड, चुना खोल जखमेत भरू नका. काच, सळई किंवा चाकू आत रुतला असेल तर तो उपसू नका, त्याच्या बाजूने दाबा.

हातापायातून चिळकांड्या उडत असतील आणि दाबूनही रक्त थांबत नसेल, तरच जखमेच्या वर, धडाच्या बाजूला दोन-तीन इंचांवर, रुंद पट्टी आवळून बांधा. तार किंवा सुतळी नको. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टर सोडेपर्यंत ती सोडू नका. यंत्रात बोट तुटले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका.

एकाने दाबून धरावे, दुसऱ्याने लगेच १०८ला फोन करावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. जखमीला पाणी, चहा पाजू नका.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ जण रस्त्यावरच्या जखमीला हात लावत नाहीत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल होऊन मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे. रस्ता अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत केली म्हणून तुमच्यावर खटला होत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला याच कायद्यात ‘गोल्डन अवर’ म्हटले आहे. तो तास आपल्या हातात असतो.

फुगा फुटण्याआधी

महाधमनीचा फुगा बहुधा साठी ओलांडलेल्या पुरुषांत सापडतो. विडी-सिगारेट हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. वाढलेला रक्तदाब आणि घरात कुणाला हा आजार असणे, ही दुसरी कारणे. ब्रिटनमध्ये ६५व्या वर्षी पुरुषांना पोटाच्या सोनोग्राफीसाठी बोलावणे जाते. आपल्याकडे असे बोलावणे येत नाही. म्हणून घरातल्या ज्या वडीलधाऱ्याने वर्षानुवर्षे विडी ओढली आहे, त्याच्या पोटाची सोनोग्राफी करायची झाली तर महाधमनीचे माप बघायला डॉक्टरांना आवर्जून सांगा. तपासणी दुखत नाही, काही मिनिटांत होते. फुगा लहान असेल तर त्यावर लक्ष ठेवतात. पुरुषांत तो साडेपाच सेंटिमीटरपर्यंत वाढला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. शस्त्रक्रिया सांगितली तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारा.

वयस्क माणसाच्या पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर मुतखडा असेल म्हणून घरी थांबू नका. छातीत किंवा खांद्यांच्या मध्ये फाटल्यासारखे दुखले तरी थांबू नका. थेट मोठे इस्पितळ गाठा.

रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नका. जयंतीच्या वा वर्षावासाच्या शिबिरात विहारात रक्तदाब तपासला जातो, तिथे घरातल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून न्या. आणि विडी सोडा. अर्धवट नको, पूर्ण सोडा. डिबेकी यांनी हे १९३९ साली सांगितले होते. आपण अजून किती वर्षे घेणार?